कोरीव मुठीचे धामणी-बांबू धनुष्य: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

जुलैच्या अखेरीस माझ्या धनुष्याच्या वरच्या बाहूच्या (मुठीपासून टोकापर्यंतच्या वाकणाऱ्या भागाच्या) पोटावर, म्हणजे धनुष्य धरणाऱ्याकडच्या बाजूवर, मुठीवरून चढत गेलेल्या कोरीव वेलीच्या शेवटच्या पानाखाली, लाकडाच्या धाग्याला आडवी अशी केसाएवढी बारीक रेघ दिसली. आठवडाभरात तिच्याशेजारी दुसरी उमटली. लाकडी धनुष्य वापरणाऱ्यांना या रेघांचा अर्थ ठाऊक असतो: पोटाकडचे तंतू दाबाखाली चिरडले गेले आहेत आणि ते पुन्हा पूर्ववत होणार नाहीत. १८,००० रुपये मोजून घेतलेल्या धनुष्यावर पहिल्याच पावसाळ्यात ही वेळ यावी, याचा मला मनापासून राग आला आणि त्या रागातूनच हे लिहायला घेतले.

धनुष्य एकसंध (म्हणजे भाग सुटे न होणारे), ६६ इंचांचे आहे. पोटाला धामणीचे लाकूड, पाठीला, म्हणजे समोरच्या बाजूला, मानवेल बांबूची पट्टी, मूठ शिसवीची आणि २८ इंचांच्या खेचीला ४० पौंडांचे बळ लागते. धामण ही सह्याद्रीच्या पानझडी जंगलातली. बैलगाडीच्या आणि हत्यारांच्या दांड्यांसाठी तिचे चिवट, लवचीक लाकूड पूर्वापार वापरले जाते आणि धनुष्यासाठीही ते उत्तम. त्यामुळे सामग्रीबद्दल माझी तक्रार नाही. वेलबुट्टी मुठीच्या तळापासून सुरू होते, बाण टेकवण्याच्या जागेला वळसा घालून वर जाते आणि शिसवीवर न थांबता पुढे धामणीच्या बाहूवर चार-पाच सेंटिमीटर सरकून एका टोकदार पानात संपते. सगळा प्रश्न त्या एका पानाचा आहे.

एखादी फळी किती ताठ राहणार, हे तिच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात ठरते. रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठपणा दहा टक्क्यांनी घटतो; जाडी दहा टक्के कमी केली तर तो सत्तावीस टक्क्यांनी घटतो. व्हर्नियर कॅलिपर लावून मी मोजले: पानाच्या अलीकडे आणि पलीकडे बाहूची जाडी १५.४ मिलिमीटर आहे, तर पानाच्या कोरलेल्या तळाशी १४. ही घट पूर्ण रुंदीभर असती तर तिथला ताठपणा एक चतुर्थांशाने कमी झाला असता. पान दोन तृतीयांश रुंदीच व्यापते, म्हणून प्रत्यक्ष घट सहाव्या हिश्श्याच्या आसपास धरावी. त्यात भर म्हणजे वाकणाऱ्या लाकडात सर्वाधिक ताण वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरच असतो, मधल्या थराला जवळजवळ काहीच सोसावे लागत नाही. म्हणजे कोरणाऱ्याची पटाशी नेमके तेच लाकूड काढून नेते, जे सर्वांत जास्त काम करत असते. शिवाय बांबूची पाठ ताणाला फार बळकट असल्याने या जोडणीत दाबाचा अधिक भार पोटाकडच्या लाकडावर पडतो. अशा बाहूच्या पोटावर पान कोरणे म्हणजे ज्या खांबावर छत उभे आहे, त्यालाच कोनाडा पाडणे होय.

धनुष्य घडवणाऱ्या कार्यशाळेला फोटो आणि मापे पाठवली. उत्तर आले, "साहेब, लाकूड आहे, रेघ येणारच. तुटलं असतं तर बदलून दिलं असतं." हमी एक वर्षाची होती, पण ती फक्त तुटण्याची. मी विचारले की तंतू चिरडले गेल्यावर धनुष्य तुटेपर्यंत ओढत राहावे आणि मग चेहऱ्याजवळ तुटलेले तुकडे घेऊन तुमच्याकडे यावे, अशी अपेक्षा आहे का? त्यावर २,५०० रुपयांत "पुन्हा पॉलिश" करून देण्याचा प्रस्ताव आला. पॉलिशने रेघ झाकली जाते, बाहू सुधारत नाही. जाण्यायेण्याचे कुरिअर माझ्याच खर्चाने करायचे होते, हे वेगळे सांगायला नको. पुढे फोनवर बराच वाद झाला. "नक्षी तुम्हीच निवडली होती" इथपर्यंत गोष्ट गेली. नक्षी मी निवडली होती हे खरे, पण ती बाहूवर किती दूर न्यायची हे ठरवणे धनुष्य घडवणाऱ्याचे काम आहे.

त्या दिवशी हा लेख पूर्ण केला असता, तर हे धनुष्य कोणीही घेऊ नये, असे लिहून मोकळा झालो असतो. पण रेघा दिसल्यावर मी सराव क्लबच्या साध्या, गुळगुळीत मुठीच्या धनुष्यावर सुरू केला आणि तेव्हा वेगळीच गोष्ट लक्षात आली. पावसाळ्यातल्या दमट हवेत तळहाताला घाम येतो आणि गुळगुळीत मूठ हातात प्रत्येक वेळी थोडी वेगळी बसते. मनगटाचा कोन अंशभर बदलला तरी ३० मीटरवर बाण कुठे जातो, हे इंडियन राउंड (लाकडी-बांबू धनुष्याची स्पर्धा) खेळणाऱ्या कोणालाही विचारावे. माझ्या कोरीव मुठीवर मात्र अंगठ्याच्या मुळाशी वेलीचा एक उंचवटा येतो आणि तर्जनीखाली पाकळीची खोलगट जागा आहे; डोळे मिटून धरली तरी मूठ दर वेळी त्याच ठिकाणी बसते. साध्या धनुष्यावर माझे बाण वर-खाली विखुरले. मूठ दर वेळी एकाच जागी धरण्याची सवय मला कोरीव मुठीने लावली होती आणि ती किती मोलाची होती, हे ती हातात नसताना कळले. मूठ वाकत नाही, तिथे लाकूड भरपूर आहे, म्हणून तिच्यावर केलेल्या नक्षीची बाहूंना काहीच किंमत मोजावी लागत नाही. उलट तिथे नक्षी हाताच्या उपयोगाची ठरते. जी नक्षी बाहूवर दोष होती, तीच मुठीवर धनुष्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

जुन्या धनुष्यांची माहिती काढली, तेव्हा ही समज घडवणाऱ्यांना फार आधीपासून असल्याचे दिसले. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या मेरी रोज या इंग्लिश युद्धनौकेत यू नावाच्या झाडाच्या लाकडाची शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली. घडवणाऱ्यांच्या लहानशा खुणा सोडल्या तर त्यांचे बाहू कोरे आहेत. इंग्लंडमधल्या सॉमरसेटमध्ये १९६१ साली सापडलेले मीअर हीथचे नवाश्मयुगीन धनुष्य तर सजवलेले होते, पण कोरून नव्हे. त्याच्या बाहूवर आडव्या-तिरक्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. मुघल आणि राजपूत काळातील शिंग, स्नायू आणि लाकूड जोडून केलेल्या धनुष्यांवरची फुले रंगाची आणि सोनेरी वर्खाची असतात. वाकणाऱ्या भागावर सजावट चढवायची, त्यातून लाकूड काढायचे नाही, हा नियम या सगळ्यांत सारखाच आहे. माझ्या कार्यशाळेतल्या कारागिराचा हात कोरीवकामात निःसंशय सिद्ध आहे, परंतु बाहू वाकताना पाहण्याची, दोन्ही बाहूंच्या वाकण्याचा तोल जुळवण्याची नजर त्या हाताशेजारी बसलेली नसावी.

पावसाळ्याचा दुसरा परिणाम लाखेच्या पॉलिशवर झाला. कोल्हापुरात त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते आणि उघड्या लाकडातली ओल सोळा टक्क्यांपर्यंत चढते, तर धनुष्याला आठ ते दहा टक्के मानवते. ओल वाढली की पोटाचे लाकूड दाबाला कमी टिकते. सपाट भागावर लाखेचा थर जाड बसला होता. नक्षीच्या चिरांच्या कडांवर तो इतका पातळ होता की ऑगस्टपर्यंत पानाच्या शिरांमध्ये पांढुरकी झाक आली. म्हणजे जिथे लाकूड आधीच कमी होते, तिथेच ओलीला वाट मिळाली. मी लाख उतरवून जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले आणि वर मेण घासले. तेव्हापासून धनुष्य दोरी उतरवून भिंतीवर आडवे टांगलेले असते. ओलसर कोपऱ्यात उभे ठेवण्यापेक्षा ते बरे.

बाहूंची दुरुस्ती अखेर दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडून करून घेतली. त्यांनी पानाचा खोलवा कानशीने उतरता करून सपाटीला मिळवला आणि मग दोन्ही बाहूंचे पोट इतरत्र किंचित तासून वाकण्याचा भार सगळीकडे वाटून दिला. पान आता निम्मेच उरले आहे आणि मला ते तसेच बरे वाटते. धनुष्य ४० वरून ३६ पौंडांवर आले. १,२०० रुपये गेले, पण रेघा वाढलेल्या नाहीत. पौंडेज (ओढायला लागणारे बळ) घटल्यामुळे माझे जुने बाण या धनुष्याला जास्त ताठ, म्हणजे सुटताना पुरेसे न वाकणारे, ठरू लागले आणि डावीकडे जाऊ लागले. नवा संच घेण्याऐवजी १०० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे एकक) टोके काढून १२५ ग्रेनची जड टोके बसवली; त्यांनी बाण जास्त वाकतो, तेवढ्याने काम भागले.

दोन्ही टोकांवर शिंगाची कोरीव पोपटाची डोकी आहेत. दिसायला सुरेख आहेत, पण बाण सुटताना धनुष्याचा सर्वांत वेगाने फिरणारा भाग टोके असतात आणि तिथले वजन बाणाच्या वेगातून वसूल होते. पोपट मी काढणार नाही. पुन्हा मागवताना मात्र घेणार नाही. दोरी कार्यशाळेने डॅक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याचीच दिली होती, ही त्यांची चांगली बाजू. कमी ताणणाऱ्या नव्या दोऱ्यांचा झटका अशा टोकांना सोसला नसता.

कोणाला असे धनुष्य घडवून घ्यायचे असेल, तर मागणी नोंदवतानाच तीन गोष्टी लेखी मागाव्यात: नक्षी मुठीच्या लाकडाबाहेर जाणार नाही, हमीत तुटण्याबरोबर पोटावरच्या आडव्या रेघाही येतील, आणि पूर्ण खेचीतला बाजूने काढलेला फोटो (त्यात बाहू सारखे वाकतात का ते दिसते) पैसे देण्याआधी मिळेल. तिसरी मागणी ऐकून कारागीर कुरकुरला, तर पैसे खिशातच ठेवावेत. मुठीचे काम मला याच कार्यशाळेचे हवे आहे, तसे दुसरीकडे अजून दिसलेले नाही. या अटी मान्य झाल्या तर साध्या टोकांच्या, कोरीव मुठीच्या धनुष्याला मी १२,००० रुपये आनंदाने देईन. बाहूवरच्या पानासाठी वरचे ६,००० देणार नाही.