पक्ष, संस्था की लाल सदरा: भाच्याने विचारलं म्हणून

गेल्या महिन्यात माझा भाचा राबोडीहून मुंब्र्याला आमच्याकडे आला, सोबत दोन दोस्त, आणि चहा यायच्या आतच विचारलं, "मामू, समाजासाठी काहीतरी करायचंय पण कसं ते ठरत नाहीये, पार्टीत जावं, ट्रस्ट काढावा, की सरळ रस्त्यावर बसावं?" मारामारीच्या रस्त्याने जायचं नाही हे तिघांचं आधीच पक्कं होतं, त्यावर बोलायची वेळच आली नाही. प्रश्न होता तो शांततेच्या रस्त्यांपैकी कुठला. मी तिन्ही करून बघितलंय, एकेका ठिकाणी तीन-चार वर्षं घातली आहेत, म्हणून त्याला जे सांगितलं तेच जरा नीट इथे लिहितो, कारण त्याच्यासारखे विचारणारे बरेच आहेत. पैगंबरांची मक्केतली तेरा वर्षं, सब्र म्हणजे धीर तो नक्की काय, मक्केवाल्यांशी केलेला हुदैबियाचा करार, ही चर्चा तुम्ही ऐकलेली असणार, ती सोडून देतो.

आधी पक्षाचा रस्ता. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या मते ट्युनिशियाच्या एन्नाहदा या इस्लामी विचारांच्या पक्षाचं. १९८१ मध्ये सुरुवात, मग तुरुंग, बंदी, नेते रशीद घन्नुशी वीस-एक वर्षं लंडनमध्ये, आणि २०११ मध्ये हुकूमशहा बेन अली पळाल्यावर परत येऊन त्याच वर्षी २१७ पैकी ८९ जागा. पुढचं जास्त महत्त्वाचं. २०१२ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की घटनेत शरियाचा आग्रह धरणार नाही. २०१३ मध्ये दोन विरोधी नेत्यांच्या हत्या झाल्या, देश पेटायच्या बेतात होता, तेव्हा कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, मानवाधिकारवाले आणि वकील अशा चौघांनी सगळ्यांना टेबलावर बसवलं, आणि जानेवारी २०१४ मध्ये नवीन घटना मंजूर करून एन्नाहदाने स्वतःहून सरकार सोडलं. त्या चौघांना पुढे २०१५ चं नोबेल मिळालं. खुर्चीवर बसलेला माणूस एकही गोळी न झाडता उठला, हे मला फार मोठं वाटतं आणि जो कोणी म्हणतो की असे पक्ष एकदा आले की जात नाहीत, त्याला मी हेच उदाहरण देतो. २०१६ मध्ये तर त्यांनी धर्मप्रचार वेगळा आणि राजकारण वेगळं असं अधिवेशनात ठरवलं.

पण शेवट बघा. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी संसद गोठवली, एप्रिल २०२३ मध्ये घन्नुशींना अटक, वय ऐंशीच्या पुढे. दहा वर्षं तडजोडी करून दमलेले लोक संसद वाचवायला फारसे बाहेर आलेच नाहीत. तुर्कस्तानात उलट झालं, एर्बाकानांचा तशाच विचारांचा पक्ष १९९८ मध्ये कोर्टाने बंद केला, त्यातून शिकून तरुण मंडळींनी २००१ मध्ये नवीन पक्ष काढला, २००२ मध्ये सुमारे ३४ टक्के मतांवर जवळजवळ दोन तृतीयांश जागा घेतल्या आणि अजून सत्तेत आहेत, पण २०१३ मध्ये इस्तंबूलच्या गेझी पार्कच्या झाडांसाठी जमलेल्या पोरांवर अश्रुधूर सोडणारं सरकारही तेच. म्हणजे हरलात तर हे असं आणि जिंकलात तर ते तसं, आणि दोन्हीत मधल्या मध्ये मोहल्ल्यातला माणूस कुठे राहतो ते मला कळत नव्हतं.

ते कळलं एका संध्याकाळी. मी चार वर्षं एका पक्षाचं काम करत होतो, नाव घेत नाही कारण दुसऱ्या पक्षात गेलो असतो तरी हेच झालं असतं. बिल्डिंगच्या खालचा गाळा, दोन टेबलं, आणि टेबलावर मतदार यादी पसरलेली. एक खाला, म्हणजे मोहल्ल्यातल्या मावशी, आल्या, हातात पाण्याची बाटली, एक लिटरची, आतलं पाणी चहासारखं. म्हणाल्या, नळाला आठ दिवस हेच येतंय, लहान मूल आजारी आहे. माझ्या शेजारी बसलेल्या पोराने मान वर न करता विचारलं, "खाला, यादी भाग नंबर काय तुमचा?" त्यांना माहीत नव्हता. नाव शोधलं, सापडेना, मग कळलं की त्यांचं नाव अजून कुर्ल्याच्या यादीत आहे, इकडे आल्यावर बदललंच नाही. पोरगा म्हणाला, मग तुमचं काम तिकडचे लोक करतील. आणि बाटली यादीवर ठेवली होती त्यांनी, ती उचलून खाली फरशीवर ठेवली, कारण खालचं पान बघायचं होतं.

पोरगा वाईट नव्हता. मीही ती यादी तशीच वापरत होतो, इतकी की गल्लीतल्या माणसांची नावं मला आडनाव आधी, वय, मग घर नंबर अशी पाठ झाली होती. पण त्या दिवसापासून टेबलावर बसवेना. नंतर वर्षभर होतो तिथे, आणि प्रत्येक तक्रारीला पहिला प्रश्न तोच, भाग नंबर काय. कुणी म्हणेल एवढ्याशा गोष्टीवरून कुठे रस्ता ठरवतात का, तर मी ठरवला, खोटं कशाला बोलू. मतावर चालणाऱ्या कामात माणूस आधी मत असतो आणि मग तहानलेला असतो, आणि हे कुणा एकाच्या स्वभावामुळे नाही, त्या कामाची रचनाच तशी आहे असं मला वाटतं. माझं चुकतही असेल. चांगले नगरसेवक मी बघितलेत, रात्री दोनला फोन उचलणारे.

मग संस्थेचा रस्ता. याच्यावर कमी लिहितो, कारण हा चांगलाच आहे आणि चांगल्याबद्दल फार काय सांगायचं. इंडोनेशियात मुहम्मदिया ही मुस्लिम समाजसंस्था १९१२ पासून आहे, योग्याकार्ताला अहमद दहलानांनी सुरू केली, आज त्यांची शंभराहून जास्त हॉस्पिटलं आणि हजारो शाळा आहेत. तशीच दुसरी संस्था नहदतुल उलेमा १९२६ ची, तिने १९८४ मध्ये पक्षीय राजकारणातून अंग काढून घेतलं आणि पुन्हा मदरसे, गावं, समाज याकडे वळली. हुकूमशहा सुहार्तोच्या काळात १९८५ च्या कायद्याने प्रत्येक संघटनेला पंचशिला, म्हणजे तिथल्या राष्ट्राची पाच तत्त्वं, हाच आपला एकमेव पाया म्हणून लिहून द्यावा लागला, दोघींनीही मान्य केलं, आणि टिकल्या. आणि टिकल्या म्हणूनच १९९८ मध्ये सुहार्तोविरुद्ध बोलायला मुहम्मदियाचे अमीन रईस उभे राहू शकले, १९९९ मध्ये नहदतुलचे अब्दुर्रहमान वाहिद राष्ट्राध्यक्ष झाले. हे मी भाच्याला मुद्दाम सांगितलं कारण गप्प राहून टिकण्यालाही किंमत असते, तिला नावं ठेवायचा हक्क मला नाही.

पण मी स्वतः तीन वर्षं दहावीचा मोफत क्लास चालवला, मुलं पास झाली, दोघी आज नर्स आहेत, आणि त्याच इमारतीखाली टँकरची रांग होती तशीच राहिली. एकदा पाण्याच्या अर्जावर क्लासतर्फे सही करूया म्हटलं तर विश्वस्त म्हणाले, नको, खोलीची परवानगी अडकेल. ते त्यांच्या जागी बरोबर होते, परवानगी खरंच अडकली असती आणि नुकसान मुलांचं झालं असतं. मी सही माझ्या नावाने केली आणि हळूहळू क्लास दुसऱ्यांकडे दिला.

आता तिसरा, लाल सदऱ्याचा. खान अब्दुल गफार खान आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतात पण सरहद्द गांधी एवढं बोलून लोक पुढे जातात आणि त्यांच्या लाल सदरेवाल्या संघटनेची, खुदाई खिदमतगारची, आतली रचना कुणी बघत नाही, जी माझ्या मते खरी वस्तू आहे. नोव्हेंबर १९२९ मध्ये संघटना निघाली, पण १९१० पासून म्हणजे त्याच्या आधी एकोणीस वर्षं हा माणूस सरहद्द प्रांतातल्या आपल्या गावी, उतमानजाईला, शाळा काढत होता, गावोगाव फिरत होता. सदरे लाल का, तर पांढरे कपडे लवकर मळायचे म्हणून कातडं कमावायच्या रंगात बुडवले, एवढंच. आणि भरती होताना शपथ: सूड घेणार नाही, जुलूम करणाऱ्याला माफ करेन, खुदाच्या नावाने खुदाच्या माणसांची सेवा करेन, आणि रोज निदान दोन तास समाजकाम. हे दोन तास मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. कारण बंदूक दागिन्यासारखी मिरवणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या खानदानी बदले चालवणाऱ्या पठाणाला नुसतं मारू नको सांगून भागत नाही, हाताला दुसरं काम लागतं, मग तो गाव झाडतो, सूत काततो.

२३ एप्रिल १९३० ला गफार खानांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात नि:शस्त्र गर्दीवर गोळीबार झाला, किती गेले यावर सरकारचा आकडा आणि लोकांचा आकडा यांचा मेळ आजही बसत नाही. लोक पुढे येत राहिले. आणि गढवाल रायफल्सच्या एका तुकडीने, चंद्रसिंह गढवाली त्यांचा पुढारी, निहत्थ्या लोकांवर गोळी चालवायला नकार दिला आणि त्यासाठी शिक्षा भोगली. समोर दगड आला असता तर ती बंदूक खाली झाली असती का, असं मी स्वतःला बरेचदा विचारतो.

आणि गफार खान हा माणूस आपल्या इकडचाही आहे थोडा. १९३४ मध्ये सरहद्द प्रांतात जायला बंदी होती म्हणून वर्ध्याला राहिले, मुंबईत केलेल्या एका भाषणावरून त्याच डिसेंबरमध्ये पकडले, दोन वर्षं सक्तमजुरी.

रस्त्यावर उतरण्याचे बाकीचेही नमुने आहेत. इराणमध्ये १८९० मध्ये तंबाखूचा मक्ता इंग्रज कंपनीला दिला तेव्हा पुढच्या वर्षी एका फतव्यावर अख्ख्या देशाने हुक्का सोडला, म्हणतात शाहच्या जनानखान्यातही कुणी पेटवेना, आणि मक्ता रद्द झाला. १९७८ मध्ये तर तिथे चाळिसाव्यालाच आंदोलन करून टाकलं, आपल्याकडे मयताचा चाळिसावा करतात तसाच, कोमला लोक मारले गेले की चाळीस दिवसांनी तब्रीझला मातम, तिथे मारले गेले की पुन्हा चाळीस दिवसांनी यझ्दला, आणि शेवटी तेल कामगारांचा संप. शेवटचे दोन-तीन दिवस सोडले तर बहुतेक सगळं संप, मोर्चे आणि रात्री गच्चीवरून अल्लाहू अकबर. पण शाह गेल्यावर काही आठवड्यांत फाशीचे आणि गोळीबाराचे हुकूम निघायला लागले. गर्दी शांत होती ती त्या वेळेपुरती, शपथ कुणी घेतली नव्हती. मला तरी फरक तिथे दिसतो.

आमचं म्हणाल तर आम्ही नऊ जण आहोत, रविवारी फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, दोन तास गल्लीतलं गटार आणि नळाचा कोपरा साफ करतो. पहिले सहा महिने बाकी काही केलं नाही. मग प्रत्येक घरातून रोजच्या पाण्याची एक बाटली घ्यायला लागलो, वर चिकटपट्टीवर तारीख, आणि सोमवारी त्या बाटल्या घेऊन संबंधित ऑफिसच्या पायऱ्यांवर बसायचं, घोषणा नाही, बॅनर नाही, दुपारी बाराला उठायचं. पहिल्या सोमवारी पोलिसांनी नावं लिहून घेतली, आम्ही दिली. तिसऱ्या सोमवारी एका टँकरवाल्याच्या माणसाने आमच्यातल्या सगळ्यात लहान पोराच्या कानाखाली वाजवली. त्याने दोन्ही हात मागे धरले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट, आणि तसाच उभा राहिला, कान लाल झालेला, डोळ्यात पाणी. त्याला हात मागे धरायला कुणी शिकवलं नव्हतं. पाचव्या सोमवारी इंजिनिअर आले आणि गल्लीतली गंजलेली लाइन बदलली. शेजारच्या गल्लीतली अजून बदलायची आहे. त्या खालांचं घर शेजारच्या गल्लीत आहे, त्यांचं नाव कुठल्या यादीत आहे ते आता मला माहीत नाही.

याची दुसरी बाजूही भाच्याला सांगितली. खुदाई खिदमतगार संपले, हे खरं आहे. १९४७ नंतर पाकिस्तानच्या नवीन सरकारने त्यांना मोडून काढलं, १२ ऑगस्ट १९४८ ला चारसद्द्याजवळ बाब्रा इथे गोळीबार, बंदी, आणि गफार खानांचं आयुष्य तुरुंगात आणि परदेशात, १९८८ मध्ये पेशावरला वारले आणि दफन अफगाणिस्तानात जलालाबादला. सगळं एका माणसाभोवती फिरत होतं ही त्यांची मोठी उणीव. आणि पूर्ण पक्षापासून लांब होते असंही नाही, १९३७ मध्ये काँग्रेसबरोबर सरकार केलं, भाऊ डॉ. खानसाहेब मुख्यमंत्री, फक्त ते स्वतः मंत्री झाले नाहीत. सिरियात दमास्कसजवळच्या दाराया गावच्या पोरांनी २००३ मध्ये रस्ते झाडले, लाच देऊ नका म्हणून प्रचार केला, त्यांच्या मागे अहिंसा सांगणाऱ्या धर्मपंडित जौदत सईदांची शिकवण होती, आदमच्या त्या मुलाची, जो भावाला म्हणतो तू मारायला हात उचललास तरी मी उचलणार नाही, कुराणात सूरह माइदामध्ये आहे. झाडू मारला म्हणून त्यातल्या बऱ्याच जणांना तुरुंग झाला. २०११ मध्ये त्याच गावचा घियास मतर सैनिकांना फुलं आणि पाण्याच्या बाटल्या द्यायचा, सप्टेंबरमध्ये कोठडीतून त्याचं प्रेत आलं. तिथली तेव्हाची सत्ता आणि इथली परिस्थिती एक नाही, आपल्याकडे कोर्ट आहे, माहितीचा अधिकार आहे, निवडणूक आहे, म्हणून तर सोमवारी पायऱ्यांवर बसता येतं. ज्याला घरी एकट्याच्या पगारावर पाच माणसं आहेत त्याने आधी संस्थेचा रस्ता धरला तर मी त्याला कमी मानणार नाही. आणि ज्याला माणसं जोडायची कला आहे, हिशेब पक्का आहे, त्याने पक्षात जावं, तिथेही चांगली माणसं लागतातच, फक्त टेबलावर यादीच्या आधी पाण्याची बाटली ठेवायला जागा करावी.

भाचा ऐकून म्हणाला, मामू, दोन तास रोज म्हणजे फार होतात, नोकरी आहे. मी म्हटलं आमचे पण आठवड्याला दोनच होतात, तेवढ्याने सुरू कर. त्याने अजून ठरवलेलं नाही. दोस्तांपैकी एकाने मात्र जाताना गमबुटाचा नंबर विचारला, आमच्याकडे आठ आणि नऊ आहेत, त्याला दहा लागतो.