रिट्रीव्हरच्या प्रशिक्षणाच्या नावाखाली झालेली फसवणूक

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला बदकांच्या शिकारीचा हंगाम संपतो, तळी गोठू लागतात, आणि ज्यांच्या घरी शिकारीसाठी घेतलेला लॅब्रॅडॉर वयात येत असतो ती मंडळी पुढच्या हंगामाआधी तो तयार व्हावा म्हणून प्रशिक्षकाच्या शोधाला लागतात. याच सुमारास एका केनेलवाल्याने, म्हणजे कुत्रे आपल्याकडे ठेवून घेऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने, आम्हाला पद्धतशीर फसवले. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार जवळजवळ बंदच असल्यामुळे या विषयात चार गोष्टी सांगणारे वडीलधारे माणूस आपल्या घरांत सहसा नसते, आणि इथे आल्यावर सहकाऱ्यांबरोबर तळ्यांवर जाऊ लागलेल्या मराठी माणसाला प्रशिक्षक सांगेल ते प्रमाण मानावे लागते. म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

आमची काजळ ही काळी लॅब्रॅडॉर मादी. मारलेला किंवा जखमी झालेला पक्षी हुडकून ताब्यात घेण्याचा वाजवी प्रयत्न करणे अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार शिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि पाणकणसांच्या दाटीत पडलेले बदक चांगल्या रिट्रीव्हरशिवाय, म्हणजे पडलेला पक्षी शोधून आणणाऱ्या कुत्र्याशिवाय, बहुतेक वेळा हाती लागत नाही. त्यामुळे तिचे शिक्षण हा आमच्या दृष्टीने हौसेचा भाग नव्हता. दुधाचे दात पडून पक्के दात आले की ‘फोर्स फेच’ सुरू करतात, म्हणजे सांगितल्याबरोबर वस्तू तोंडात धरणे, न चावता सांभाळणे आणि हातात देईपर्यंत न सोडणे. त्यापाठोपाठ शिट्टीचे हुकूम, ई-कॉलरची (विजेचा सौम्य झटका देणाऱ्या गळपट्ट्याची) ओळख आणि बंदुकीच्या आवाजाची हळूहळू सवय. हे सगळे व्हायला काही महिने लागतात, म्हणून कुत्रा प्रशिक्षकाच्या केनेलमध्येच ठेवून दरमहा पैसे भरण्याची पद्धत आहे. या काळात मालकाला तेवढेच दिसते जेवढे प्रशिक्षक दाखवतो, आणि आमच्याशी झालेला सगळा व्यवहार या एका फटीतून शिरला.

या केनेलवाल्याच्या कार्यालयाच्या भिंतीवर रिबिनी आणि प्रमाणपत्रे होती, आणि तो स्वतःला ‘मास्टर हंटर ट्रेनर’ म्हणवून घेत असे. वास्तविक मास्टर हंटर ही अमेरिकन केनेल क्लबची पदवी कुत्र्याला मिळते, माणसाला नाही. ती ज्युनियर, सीनियर आणि मास्टर अशा तीन पायऱ्यांतली शेवटची पायरी असून ती कुत्र्याच्या नोंदणीकृत नावावर जमा होते, त्यामुळे ते नाव हाती असले की पदवी खरी की खोटी हे क्लबकडे पडताळता येते. आम्ही दोन नावे मागितली तेव्हा ‘ते कुत्रे गिऱ्हाइकांचे आहेत, मला त्यांची माहिती देता येत नाही’ असे उत्तर मिळाले. पुढे एका रिट्रीव्हर क्लबमधल्या अनुभवी बाईंनी सांगितले की, प्रामाणिक प्रशिक्षक ही नावे न विचारता सांगतो, कारण त्याची खरी मिळकत तीच असते. कुत्र्यांच्या प्रशिक्षकाला इथे सरकारी परवाना लागत नाही. कोणीही पाटी लावू शकतो, हेही तेव्हाच समजले.

पहिल्या महिन्याचे पैसे त्याने क्रेडिट कार्डाने घेतले. दुसरा महिना संपता संपता त्याचा फोन आला की काजळ फार हुशार आहे, मी हिवाळ्यात निवडक कुत्रे घेऊन टेक्सासला जातो, तिथे उघडे पाणी मिळते, उन्हाळ्यापर्यंत तिच्याकडून मास्टरच्या तोडीचे काम करून घेतो. मात्र जागा मर्यादित असल्याने चार महिन्यांची रक्कम एकदम आणि झेलवरून (बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवण्याच्या सेवेवरून) पाठवावी लागेल. उत्तरेकडचे चांगले प्रशिक्षक हिवाळ्यात खरोखरच कुत्रे घेऊन दक्षिणेत जातात, त्यामुळे या बोलण्यात खोट दिसत नव्हती आणि आम्ही पैसे पाठवले. खोट होती ती वेळेच्या हिशेबात. ज्युनियरच्या परीक्षेत जमिनीवर दोन आणि पाण्यात दोन पक्षी, एका वेळी एकच, पडताना पाहून आणायचे असतात, आणि त्या वेळी कुत्र्याला पट्ट्याने हलके धरून ठेवण्याचीही मुभा असते. मास्टरला मात्र एकापाठोपाठ पडलेले अनेक पक्षी लक्षात ठेवायचे, न पाहिलेला पक्षी केवळ शिट्टी आणि हाताच्या इशाऱ्यावर शोधायचा, दुसरा कुत्रा धावत असताना जागचे हलायचे नाही, अशी कामे असतात. वर्षाच्याही आतल्या पिल्लाकडून काही महिन्यांत हे करून घेण्याचे आश्वासन देणारा माणूस एकतर कुत्र्याला मोडणार असतो किंवा काहीच करणार नसतो.

टेक्सासहून म्हणून व्हिडिओ येऊ लागले. काळी लॅब्रॅडॉर, हिरवट पाणी, तोंडात बदक, सगळे मनासारखे. काजळच्या छातीवर नखाएवढा पांढरा ठिपका आहे. या जातीत असा लहान ठिपका मान्य आहे आणि काळ्या केसांत तो चटकन दिसत नाही. एका व्हिडिओत ती मादी पाण्यातून थेट कॅमेऱ्याकडे चालत आली आणि अंग झटकून समोर बसली, तेव्हा ऊन छातीवर पडले होते आणि छाती पूर्ण काळी होती. विचारल्यावर तो म्हणाला, ओल्या केसांत ठिपका झाकला जातो. मग आम्ही तिच्या कातडीखालच्या ओळखीच्या मायक्रोचिपचा क्रमांक स्कॅनरवर उमटताना दाखवणारा व्हिडिओ मागितला. त्यानंतर फोन उचलणे बंद झाले.

आम्ही त्याच्या मिनेसोटातल्या केनेलवर न कळवता गेलो. काजळ तिथेच होती. ती टेक्सासला कधी गेलीच नव्हती. कुत्र्यांना खायला घालायला ठेवलेल्या मुलाने सरळ सांगितले की मालक काही कुत्रे घेऊन गेले आहेत, बाकीचे इथेच असतात. मोकळ्या रानात रोज पळणाऱ्या कुत्र्याची नखे झिजलेली असतात आणि पंजे राठ होतात. काजळची नखे वाढून वळली होती, पंजे मऊ होते, आणि काँक्रीटवर पडून राहिल्याने दोन्ही कोपरांवरचे केस जाऊन कातडी जाड झाली होती. गळ्याखाली, ई-कॉलरचे दोन खुंट जिथे टेकतात तिथे, दोन गोल जखमा होत्या. हे पट्टे एकाच जागी तासन्‌तास ठेवू नयेत अशी सूचना ते बनवणारेच देतात. तिच्या गळ्यात तो दिवसरात्र होता हे त्या जखमांवरून स्पष्ट होते. पशुवैद्यांनी हे सगळे फोटोंसह लिहून दिले आणि तोच कागद पुढे सर्वांत उपयोगी पडला. घरी आणल्यावर शेजारच्या गॅरेजचे दार आपटले तरी ती टेबलाखाली शिरत असे, म्हणजे कोणीतरी पूर्वतयारीशिवाय तिच्या डोक्याशेजारी बंदूक झाडली असावी. तिच्यावर झालेला हा अन्याय पैशांपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि त्याचा मला आजही संताप येतो.

पैशांचे म्हणाल तर कार्डावरची रक्कम परत मिळाली, कारण ती ज्या बिलात प्रथम दिसली ते बिल निघाल्यापासून 60 दिवसांच्या आत बँकेकडे लेखी हरकत घेण्याची तरतूद 1974च्या संघीय कायद्यात आहे आणि आमची मुदत थोडक्यात शिल्लक होती. झेलवरून स्वतः पाठवलेले पैसे मात्र बँकेने परत केले नाहीत. खरेदीदाराला संरक्षण देणारी सोय त्यात नाही. त्या रकमेसाठी आम्ही तो राहतो त्या काउंटीच्या कन्सिलिएशन कोर्टात, म्हणजे लहान रकमांचे दावे चालवणाऱ्या न्यायालयात, दावा लावला असून राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातही तक्रार दिली आहे.

काजळ आता स्थानिक रिट्रीव्हर क्लबच्या सरावाला आमच्याबरोबर येते. तिथले जुने सदस्य लांबवर छोटे पिस्तूल उडवतात आणि त्याच क्षणी तिच्यासाठी बंपर, म्हणजे पक्ष्याऐवजी सरावासाठी वापरायची वस्तू, फेकतात. ती धावत सुटली की अंतर थोडे कमी करतात, बिचकली की पुन्हा वाढवतात. ज्यांचा कुत्रा सध्या कोणाच्या केनेलमध्ये आहे त्यांनी करारात दोन वाक्ये घालून घ्यावीत: मालक केव्हाही न कळवता येऊन आपल्या कुत्र्याचे काम पाहू शकेल, आणि कुत्रा राज्याबाहेर नेण्यापूर्वी मालकाची लेखी संमती व जिथे नेणार त्या जागेचा पूर्ण पत्ता द्यावा लागेल. आम्ही नंतर भेटलेल्या प्रशिक्षकांपैकी ज्यांनी या दोन वाक्यांना हरकत घेतली, त्यांच्याकडे आम्ही दुसऱ्यांदा गेलो नाही.