फॅरालॉन बेटांची दिवसभराची बोट-सफर: देवमाशांसाठी नव्हे, मोजणीसाठी जावे

सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरालॉन बेटांकडे जाणाऱ्या सफरीची जाहिरात बहुतेक कंपन्या देवमाशांच्या नावावर करतात आणि परत आलेले प्रवासीही आपल्या अभिप्रायात शेपटी किती वेळा दिसली, उडी पाहायला मिळाली की नाही, एवढेच लिहितात. या निकषावर जोखली तर ही सफर कुणाला अप्रतिम वाटते आणि कुणाला पैसे पाण्यात गेल्यासारखी, कारण देवमासा दिसणे कुणाच्याच हातात नसते. माझ्या मते तिचे खरे मोल दुसऱ्याच गोष्टीत आहे. जिथे पर्यटकाला पाऊल ठेवण्याची परवानगी नाही अशा बेटावर १९६८पासून समुद्रपक्ष्यांच्या आणि सागरी सस्तन प्राण्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या आहेत. त्या कशा ठेवतात आणि त्यांतून काय उमगले, हे प्रत्यक्ष त्या कड्यांसमोर बोट थांबवून जाणकाराच्या तोंडून ऐकण्याची सोय या सफरीखेरीज फारशी कुठे नाही. म्हणून हा अभिप्राय बोटीपेक्षा बोटीवरच्या निसर्ग-मार्गदर्शकाबद्दल अधिक आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशा सफरी एकाहून अधिक कंपन्या काढतात आणि पुढे लिहिलेल्या बऱ्याचशा गोष्टी त्या सर्वांना लागू पडतील असे वाटते.

बेटे गोल्डन गेटच्या पश्चिमेला सुमारे ४३ किलोमीटरवर आहेत आणि गंमत अशी की कागदोपत्री ती सॅन फ्रान्सिस्को शहराच्याच हद्दीत मोडतात. बोट सकाळी लवकर सुटते आणि परत यायला दुपार उलटते. पुलाखालून बाहेर पडल्यावर उथळ पाण्याचा ‘पोटॅटो पॅच’ नावाचा पट्टा लागतो. तिथे लाटा अचानक उंच होतात आणि पहिल्या तासाभरातच कोण तग धरणार याचा निकाल लागतो. उलटी होऊ नये म्हणून घ्यायची गोळी बोटीत चढण्याआधीच घ्यावी, ही सूचना कंपनीने आरक्षणाच्या पत्रात अगदी तळाशी, बारीक अक्षरांत दिली होती; ती पहिल्याच ओळीत असायला हवी होती. सहप्रवाशांपैकी बरेच जण बेट दिसू लागण्याआधीच कठड्याला धरून बसले होते आणि त्यांनी पुढचे काही ऐकले असेल असे मला वाटत नाही.

बेट जवळ आल्याचे डोळ्यांआधी नाकाला कळते. विष्ठेने पांढरे पडलेले कडे, त्यांवर दाटीवाटीने उभे असलेले मर नावाचे समुद्रपक्षी आणि लाटांच्या आवाजावर मात करणारा त्यांचा गलका, यांची कल्पना छायाचित्रावरून येत नाही. अलास्का आणि हवाई वगळता अमेरिकेतील समुद्रपक्ष्यांची ही सर्वांत मोठी वसाहत असून येथे १३ जातींचे पक्षी वीण करतात. बोटीला किनाऱ्यापासून सुमारे ३०० फूट दूर राहावे लागते. आमच्या कप्तानाने ते अंतर काटेकोरपणे पाळले, इंजिनाचा वेग अगदी कमी ठेवला आणि ‘थोडे जवळ घ्या ना’ म्हणणाऱ्या प्रवाशांना नम्रपणे नकार दिला. याबद्दल त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. मर घरटे बांधत नाही, उघड्या खडकावर एकच अंडे घालतो. पक्षी घाबरून एकदम उडाले की अंडी कड्यावरून घरंगळतात किंवा कुरव पक्षी ती पळवतात, हे ऐकल्यावर जवळ जाण्याचा आग्रह आपोआप थांबला.

याच अंड्यांचा इतिहास मार्गदर्शकाने फार चांगला सांगितला. सोन्याच्या शोधात माणसांची झुंबड उडालेल्या सॅन फ्रान्सिस्कोत कोंबड्या कमी आणि खाणारी तोंडे अफाट होती, त्यामुळे मरची मोठाली अंडी बोटी भरभरून शहरात विकायला येऊ लागली. काही हंगामांत हा आकडा पाच लाखांच्या आसपास गेला. १८६३मध्ये अंडी गोळा करण्याच्या हक्कावरून दोन टोळ्यांत बेटावर गोळीबार होऊन माणसे मेली. लाखोंच्या संख्येने असलेले मर विसाव्या शतकाच्या सुरुवातीस काही हजारांवर आले. १९०९मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी यांतील काही बेटांना अभयारण्याचा दर्जा दिला. दीपगृह असलेले मुख्य बेट, म्हणजे साउथईस्ट फॅरालॉन, मात्र १९६९मध्ये त्यात आले. वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडकांवरून पाकोळ्यांची घरटी चोरून विकण्याचा धंदा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही.

नोंदींचे काम पॉइंट रेज बर्ड ऑब्झर्व्हेटरी या संस्थेने, म्हणजे आजच्या पॉइंट ब्लूने, अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्याच्या सहकार्याने सुरू केले. बोटीवरून दीपगृहाच्या टेकडीखालची दोन जुनी घरे दिसतात, तीच अभ्यासकांची वस्ती. बेटाला धक्का नाही, त्यामुळे माणसे आणि सामान क्रेनच्या साहाय्याने लाटांवरून उचलून वर घ्यावे लागते आणि किराणा पोहोचवण्याचे काम १९७२पासून खासगी नौकांचे मालक स्वेच्छेने करत आले. हे सारे मार्गदर्शकाने त्या क्रेनकडे बोट दाखवून सांगितले. एरवी कंटाळवाणी वाटली असती अशी माहिती जागच्या जागी ऐकताना मनात पक्की बसते.

मोजण्याच्या पद्धतीवर त्याने बराच वेळ दिला आणि सफरीचा हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. मरच्या वसाहतीसमोर लपून बसायला लाकडी खोपट्या आहेत. अभ्यासक त्यांत बसून दुर्बिणीतून क्रमांक दिलेली एकेक जागा पाहतात आणि अंडे आले का, फुटले का, पिल्लू किती दिवस टिकले, आई-बापाने चोचीतून कोणता मासा आणला, हे टिपून ठेवतात. कॅसिन्स ऑक्लेट हा छोटा पक्षी बिळात राहतो, म्हणून त्याच्यासाठी लाकडी पेट्या पुरून ठेवल्या आहेत. झाकण उघडून आत हात घालायचा, पिल्लाचे वजन करायचे, पायात क्रमांकाची कडी चढवायची आणि पुन्हा झाकण लावायचे. अॅशी स्टॉर्म-पेट्रेल तर फक्त रात्रीच बेटावर येतो, त्यामुळे त्याला बारीक जाळ्यांत पकडून कडी घालावी लागते. या जातीच्या जगातील एकूण पक्ष्यांपैकी जवळजवळ निम्मे याच बेटांवर वीण करतात, हे ऐकल्यावर त्या काळोख्या बिळांकडे पाहण्याची नजर बदलते.

अशी नोंद एखाद्या वर्षापुरती केली तर तिला फारसा अर्थ नसतो. ती दशकानुदशके, त्याच जागी, त्याच पद्धतीने केली म्हणजे समुद्राबद्दल बोलू लागते. वसंतात वारा किनाऱ्याला समांतर वाहू लागला की खोल समुद्रातील थंड, पोषक पाणी वर येते, त्यावर क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे इवलेसे जीव, वाढते आणि क्रिलवर ऑक्लेटची पिल्ले पोसली जातात. २००५मध्ये हे पाणी वर यायला उशीर झाला आणि ऑक्लेटांनी घरटीच्या घरटी सोडून दिली. त्या वर्षीची वीण जवळजवळ संपूर्ण वाया गेली. समुद्राखाली काय बिघडले ते बेटावरच्या लाकडी पेट्यांनी सांगितले. मरच्या बाबतीतही तसेच आहे. १९८०च्या दशकात मासेमारीच्या गिल-जाळ्यांत अडकून आणि तेलगळतीत सापडून त्यांची सावरू लागलेली संख्या पुन्हा घसरली. जाळ्यांवर निर्बंध आले, तेव्हा ती हळूहळू वर चढली. तेलाची आणखी एक गोष्ट मार्गदर्शकाने परतीच्या वाटेवर सांगितली: कित्येक हिवाळ्यांत तेलाने माखलेले पक्षी किनाऱ्याला लागत, पण गळती कुठली ते कळत नव्हते. २००२मध्ये उलगडा झाला की १९५३मध्ये गोल्डन गेटच्या बाहेर बुडालेल्या ‘जेकब लकेनबाख’ या मालवाहू जहाजातून तोवर तेल झिरपत होते.

सागरी सस्तन प्राण्यांचा भाग त्या मानाने घाईत उरकला गेला, ही माझी मुख्य तक्रार. बेटांवर सील आणि सी लायन यांच्या मिळून पाच जाती आढळतात: कॅलिफोर्निया सी लायन, स्टेलर सी लायन, हार्बर सील, एलिफंट सील आणि नॉर्दर्न फर सील. एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी आणि चरबीसाठी यांची अशी कत्तल झाली की फर सील येथून नाहीसेच झाले. एलिफंट सीलचे पहिले पिल्लू येथे पुन्हा जन्मले १९७२मध्ये आणि फर सीलचे १९९६मध्ये. परतीच्या त्या पहिल्या पिल्लांची नोंद करायला बेटावर माणूस हजर होता, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. आज फर सील हजारांच्या पुढे गेले आहेत. पण आमच्या मार्गदर्शकाने प्रत्येक जातीला एखाद-दुसरे वाक्य दिले आणि सी लायनच्या भुंकण्याची नक्कल करून प्रवाशांना हसवले. सीलची साप्ताहिक शिरगणती कशी होते, मादीला खुणेवरून कसे ओळखतात, हे मी विचारले तेव्हा त्याने नीट समजावले. म्हणजे माहिती त्याच्याकडे होती, फक्त गर्दीला ती नको असेल असे त्याने गृहीत धरले होते.

एका वादग्रस्त विषयावर मात्र तो कचरला नाही. जहाजांबरोबर आलेले घरगुती उंदीर बेटावर बेसुमार माजले आहेत. शरद ऋतूत स्थलांतराच्या वाटेवर असलेली पिंगळ्यासारखी बिळातली घुबडे या उंदरांवर ताव मारायला थांबतात, हिवाळ्यात उंदीर घटले की तीच घुबडे स्टॉर्म-पेट्रेलवर तुटून पडतात. म्हणून हेलिकॉप्टरमधून विषारी दाणे टाकून सर्व उंदीर नाहीसे करण्याची योजना मत्स्य व वन्यजीव खात्याने मांडली आणि कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगाने २०२१च्या डिसेंबरमध्ये तिला अटींसह मान्यता दिली. विषाने कुरव आणि इतर पक्षीही मरतील, असे विरोधकांचे म्हणणे आहे. मार्गदर्शकाने दोन्ही बाजू सांगितल्या आणि स्वतःचे मत विचारल्यावरच दिले. तो योजनेच्या बाजूचा होता. मला त्याचा युक्तिवाद पटला, पण त्याहीपेक्षा सांगण्यातला समतोल आवडला.

देवमाशांबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. आम्हाला हंपबॅक जातीचे देवमासे दिसले, निळा देवमासा दिसला नाही. दिसलेल्या प्रत्येक देवमाशाची जागा आणि वेळ मार्गदर्शक फोनवरच्या अॅपमध्ये भरत होता. सॅन फ्रान्सिस्को बंदराकडे येणाऱ्या मोठ्या जहाजांचे मार्ग याच पाण्यातून जातात आणि देवमासे जहाजांना धडकून मरू नयेत म्हणून या जहाजांना हंगामात वेग १० नॉटपर्यंत उतरवण्याची विनंती केली जाते. त्यासाठी या नोंदी उपयोगी पडतात. हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे ठसे प्रत्येकाचे निराळे असतात, त्यामुळे प्रवाशाने काढलेले स्वच्छ छायाचित्रही ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळावर दिले तर तो देवमासा आधी कुठे दिसला होता, कदाचित मेक्सिकोच्या किनाऱ्यावर, हे कळू शकते. ही सोय कंपनीने बोटीवर फलक लावून सांगायला हवी. आम्हाला ती बोलता बोलता कळली, तोवर निम्म्या लोकांनी फोन खिशात टाकले होते.

सोयीसुविधा जेमतेम आहेत. बसायला आतली जागा अपुरी, कॉफी बेचव आणि शाकाहारी माणसासाठी चिप्सखेरीज काही नाही. घरून कोरडा डबा नेणेच बरे. उन्हाळ्यातही वारा हाडांपर्यंत जातो, तेव्हा भारतातून जून-जुलैत आलेल्या आई-वडिलांना नेणार असाल तर स्वेटरवर पाण्याला दाद न देणारे जाकीट हवेच. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा चक्कर येणाऱ्यांनी हा बेत करू नये असे मी स्पष्ट सांगेन. पूर्ण दिवस हलत्या बोटीवर उभे राहणे सोपे नाही आणि मध्येच उतरण्याची सोय नाही. स्वच्छतागृह एकच होते, त्याबद्दल अधिक न लिहिणेच बरे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट महिन्याची. जाहिरातीत वर्षभर एकच छायाचित्र झळकते: मरांनी गच्च भरलेला कडा आणि बाजूला उसळलेला देवमासा. प्रत्यक्षात मर मे महिन्याच्या सुमारास अंडी घालतात आणि पिल्ले साधारण तीन आठवड्यांची झाली की उडता येत नसतानाच कड्यावरून समुद्रात उडी घेतात. पुढे बाप त्यांना सांभाळतो. ऑगस्टच्या मध्यापर्यंत कडे रिकामे होतात. टफ्टेड पफिन हा समुद्रपक्षी पाहायचा असेल तर त्यालाही हाच उन्हाळी काळ बरा. शरद ऋतूत मोठे पांढरे शार्क बेटांभोवती सील मारायला येतात, हंपबॅकही असतात, पण पक्ष्यांची ती वसाहत दिसत नाही. एलिफंट सीलची वीण तर डिसेंबर ते मार्चमध्ये, जेव्हा समुद्र सर्वांत खवळलेला असतो. ज्यांना मोजणीची ही गोष्ट तिच्या जागी पाहायची आहे त्यांनी जून किंवा जुलैचा पहिला पंधरवडा निवडावा. आमच्या बोटीवर ऑक्टोबरमध्ये येऊन गेलेले एक कुटुंब पुन्हा आले होते, कारण पहिल्या खेपेस त्यांना छायाचित्रातले पक्षी कुठेच दिसले नव्हते आणि आरक्षण करताना कुणी त्यांना तसे सांगितलेही नव्हते.

पाचपैकी चार तारे, आणि ते चारही मार्गदर्शकाला आणि कप्तानाला. भाडे स्वस्त नाही, शिवाय या कंपनीच्या अटींनुसार कप्तानाने खवळलेल्या समुद्रामुळे निम्म्या वाटेवरून बोट वळवली तर पैसे परत मिळत नाहीत. आरक्षणाआधी फोन करून ही अट आणि त्या दिवशी बोटीवर कोण मार्गदर्शक असेल, दोन्ही विचारून घ्यावे. मार्गदर्शक बेटावर काम केलेला असेल, तर शनिवार-रविवारचा हट्ट सोडून तो ज्या दिवशी असेल त्या दिवसाची रजा टाकावी.