नारळी उलाँग: गरम की गार?

उलाँग म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चहा; नारळी उलाँगला खोबऱ्याचा स्वाद असतो. गरम करायचा तर 200 मिली पाण्याला 3 ग्रॅम पत्ती, पाणी 90 अंशांच्या आसपास, दोन-अडीच मिनिटं. वळलेलं पान उलगडतं आणि घोटाआधीच खोबऱ्याचा वास नाकात शिरतो. पण हा स्वाद पानाला वरून दिलेला. त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओतलं की ओसरतो आणि मूळ उलाँग, फुलांच्या वासाचा, किंचित तुरट, पुढे येतो. मला तरी तोच कप जास्त आवडतो.

गार करायचा तर लिटरला 10 ग्रॅम, रात्रभर फ्रिजमध्ये. तुरटपणा कमी उतरतो, वासही दबतो. एप्रिलच्या उन्हात कोल्हापुरी मिसळीवर हाच बरा. पांढऱ्या रश्श्यानंतर मात्र दोन्ही नकोत, नारळ तिथंच पोटभर झालेला असतो! आणि दूध? अजिबात नाही.