१९६८चे दोन ‘दुसरे’ अल्बम: आधी कुठला?

दोन रॉक बँडचे हे दुसरे अल्बम: ब्रिटनच्या पिंक फ्लॉइडचा ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ की अमेरिकेच्या व्हेल्वेट अंडरग्राउंडचा ‘व्हाइट लाइट/व्हाइट हीट’, आधी कुठला ऐकू, असं मैत्रिणीनं विचारलंय.

घडण: फ्लॉइडचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट बँडपासून सुटत चालला होता, गिटारवादक डेव्हिड गिल्मोर नुकता आला होता, या दोघांसह पाचही जण असलेला फ्लॉइडचा हा एकमेव स्टुडिओ अल्बम. व्हेल्वेटनं काही दिवसांतच काम उरकलं. सतरा मिनिटांचं ‘सिस्टर रे’ हे गाणं एकाच टेकमध्ये, म्हणजे एका दमात रेकॉर्ड केलं! त्यात बँडमधल्या जॉन केलचा ऑर्गन गिटारच्या अक्षरशः अंगावर धावून जातो.

स्वागत: अल्बमच्या विक्रीच्या यादीत फ्लॉइड ब्रिटनमध्ये नववा, व्हेल्वेट अमेरिकेत कसाबसा १९९वा.

ऐकताना: फ्लॉइडचं शीर्षकगीत गोंगाटातून शब्दहीन समूहस्वरांपर्यंत अलगद नेतं, व्हेल्वेट उसंतच देत नाही.

रात्री निवांत ऐकायचं असेल तर फ्लॉइड. पंकची (खडबडीत, आक्रमक रॉकची) मुळं शोधायची असतील तर व्हेल्वेटच, तेही मोठ्या आवाजात.