व्हिनियरचं डिजिटल नियोजन : पडद्यावरचं हसू तोंडात उतरतं का?

व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी भागावर चिकटवलेला पोर्सिलेनचा पातळ थर. त्यासाठी दात कोरण्याआधी संगणकावर हसू आखून देण्याची सेवा आता बऱ्याच दवाखान्यांत मिळते. ब्राझीलचे दंतवैद्य ख्रिस्टियन कोचमन यांनी रूढ केलेली 'डिजिटल स्माइल डिझाइन' ही पद्धत यातली सर्वांत परिचित. फोटो, स्कॅन, आराखडा, थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं मॉडेल आणि तोंडातला मॉक-अप (दातांवर बसवलेला तात्पुरता नमुना) असे तिचे टप्पे. शेवटचा टप्पा गाळला तर हाती फक्त एक देखणं चित्र उरतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चुकांची सुरुवात फोटोपासूनच होते. फोन तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत मधले दात फुगलेले दिसतात आणि बाजूचे आक्रसतात. मग आराखडाही त्याच बिघडलेल्या मापावर बेततो. ८५ ते १०० मि.मी.ची लेन्स आणि पुरेसं अंतर हवंच. मान किंचित कलली असेल तर मध्यरेषा तिरकी आखली जाते. मिलिमीटरभर बाजूला सरकलेली मध्यरेषा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, तिरकी मात्र लगेच डोळ्यांत खुपते. पूर्ण हसतानाच्या फोटोसोबत ओठ सैल सोडलेला फोटोही मागा. दातांची लांबी ठरते ती त्यावरून.

स्कॅनला वेळ थोडा लागतो, पण दात कोरडे ठेवावे लागतात. लाळेच्या चकाकीने पृष्ठभाग चुकीचा टिपला जातो आणि राहिलेली भोकं सॉफ्टवेअर अंदाजाने बुजवतं. खालचा जबडा आणि चाव्याचा स्कॅन 'नंतर घेऊ' म्हणून टाळला, तर लांबवलेली कड जबडा पुढे सरकताना खालच्या दातांवर आपटते आणि व्हिनियरचा टवका उडतो.

आराखड्यात वरच्या मधल्या दाताची रुंदी लांबीच्या साधारण ७५ ते ८० टक्के धरतात. सॉफ्टवेअरमधले तयार आकार जसेच्या तसे चिकटवले की सगळ्यांची हसू एकसारखी दिसतात. या सेवेची खरी किंमत वेगळ्याच ठिकाणी वसूल होते : मूळ दात आणि नवा आकार एकावर एक ठेवून पाहण्यात. नवा आकार बाहेर असेल तिथे भर घालायची, आत असेल किंवा व्हिनियरच्या जाडीला जागा कमी पडत असेल तिथेच दात कमी करायचा. हे चित्र दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर नियोजन अर्धवट आहे असं समजा.

मॉक-अपसाठी छापलेल्या मॉडेलवर सिलिकॉनचा साचा घेतात, त्यात तात्पुरत्या दातांसाठीचं रेझिन, म्हणजे बिस-अ‍ॅक्रिल भरून तो दातांवर दाबतात. मॉडेल नीट धुऊन प्रकाशात पूर्ण पक्कं केलं नसेल, तर छपाईच्या उरलेल्या रेझिनमुळे सिलिकॉन पृष्ठभागावर चिकट राहतं आणि बारकावे पुसले जातात. साचा पूर्ण बसला नाही तर कडा जाड होतात, ओठ उगाच पुढे येतो. मॉक-अप तोंडात असताना एकवीस, बावीस, तेवीस असं सावकाश मोजायला लावा. 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेला हलकेच टेकली पाहिजे. ती त्याही पुढे, कोरड्या भागावर येत असेल तर दात लांब किंवा पुढे आलेत. 'स' म्हणताना शिट्टी वाजली तर कडेची लांबी आणि मागचा आकार तपासावा. पडद्यावर यातलं काहीच कळत नाही.

चांगला दंतवैद्य मॉक-अप काढून टाकत नाही, त्याच्यावरूनच खोलीच्या खुणांचे चर पाडतो : हिरडीजवळ सुमारे ०.३ मि.मी., मधल्या भागात ०.५ मि.मी.च्या आसपास. मॉक-अप जाड असेल तिथे बर (कोरण्याच्या यंत्राचं टोक) खऱ्या दातापर्यंत पोहोचतच नाही. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, वाचतं आणि चिकटवण्याची भिस्त इनॅमलवरच असते. त्याखालचा थर, म्हणजे डेंटिन, उघडं पडलं की पकड कमी भरवशाची होते. मॉक-अप न वापरता नजरेच्या अंदाजाने कोरलं, तर आधीची सगळी मोजमापं वाया गेली.

रंग ही या सेवेची कमकुवत बाजू. पडद्यावरचा पांढरा आणि तोंडातला पांढरा वेगळा असतो. ०.५ मि.मी.च्या पातळ पोर्सिलेनमधून रूट कॅनाल केलेला काळसर दात डोकावतो. दात कोरडा पडला की तात्पुरता जास्त पांढरा दिसतो, म्हणून रंगाचं माप कोरण्याआधी, दात ओला असताना घ्यावं. कोरलेल्या दाताच्या रंगाचा फोटोही लॅबला पाठवावा.

सहा ते दहा दात एकदम करायचे असतील तर ही सेवा नक्की घ्यावी. एकाच दाताचा तुकडा भरायचा असेल तर साधं कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) पुरतं, त्यासाठी एवढा खटाटोप नको. हिरडीतून रक्त येत असेल तर आधी तिचे उपचार. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर नियोजनातच नाईट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कवच) धरलेला असावा. पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न दोनच : मॉक-अप तोंडात बसवून दाखवणार का, आणि स्कॅनची व आराखड्याची फाइल मला मिळेल का. व्हिनियर कधी तुटलंच तर त्याचा आकार आराखड्याच्या फाइलमधून परत काढता येतो.