अर्धा किलोची ग्रीस गन, आठ महिने वापरल्यावर

गेल्या वर्षी आमच्या रोटावेटरच्या पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरची ताकद रोटावेटरला देणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा जोड, गेला. पोरगा रोज सकाळी ग्रीस गननं निप्पलला (ग्रीस भरायच्या बारीक तोंडाला) पंधरा-पंधरा हात मारायचा, मी शेजारी उभा असायचो. तरी क्रॉस उघडला तेव्हा आतल्या बेअरिंगच्या सुया गंजून लाल झालेल्या आणि ग्रीसचा मागमूस नाही. गनमध्ये हवा होती. हँडल हलकं चालतंय म्हणून आम्ही खूश होतो, आणि निप्पलमध्ये काहीच जात नव्हतं.

जुन्या गनला हवा काढायचा व्हॉल्व्हच नव्हता. सोयाबीन निघाल्यावर, ऑक्टोबरात, हेडवर, म्हणजे गनच्या पुढच्या टोपणावर, बारीक एअर व्हॉल्व्ह असलेली नवी गन घेतली, 1,100 रुपयांना. तेव्हापासून ऊसतोडीचा अख्खा हंगाम, दोन ट्रॉल्या, रोटावेटर आणि ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल, सगळं हिच्यावरच चाललं.

गन चांगली आहे. पण खरा फरक पडला तो भरायची पद्धत बदलल्यावर. आधी आम्ही सगळ्यांसारखंच करायचो: हेड काढायचं, नळा डब्यातल्या ग्रीसमध्ये खुपसायचा आणि मागची दांडी ओढायची. डबा भरलेला असेपर्यंत हे जमतं. मध्ये खड्डा पडला की नळ्याचं तोंड एका बाजूनं उघडं राहतं आणि ग्रीसबरोबर हवाही ओढली जाते. शिवाय नळा बाहेरून वीतभर माखतो. मग हात, हँडल, स्टेअरिंग, सगळीकडे ग्रीस.

आता रंगाच्या जुन्या डब्याचं झाकण घेतलं, ते ग्रीसच्या 5 किलोच्या बकेटीत बसेल एवढं गोल कापलं आणि मध्ये नळ्याच्या मापाचं भोक पाडलं. भोक घट्टच पाहिजे. ही चकती ग्रीसवर ठेवून दाबली की भोकातून ग्रीस फुगून वर येतं. त्यात नळा अर्धा इंच घुसवायचा, चकती दाबून धरायची आणि दांडी सावकाश ओढायची. ग्रीस कमी होईल तशी चकती खाली सरकते, खड्डा पडतच नाही. बकेट तळाशी निमुळती असते, म्हणून चकतीची कड नंतर थोडी तासावी लागली. नळ्याला फक्त तोंडाशी एक कडं लागतं, ते एका चिंधीत पुसून होतं. काम झालं की बकेटीचं झाकण लगेच लावतो. आमच्या पलूसकडच्या काळ्या मातीची धूळ एकदा ग्रीसमध्ये मिसळली की ते ग्रीस बेअरिंगमध्ये पॉलिश पेपरचं काम करतं.

दांडी पूर्ण ओढली की खाचेत अडकवायची. हेड बसवताना शेवटचा दीड आटा ढिला ठेवायचा आणि मगच दांडी सोडायची. स्प्रिंग ग्रीस पुढं ढकलते, आट्यांतून हवा फुसफुसते, ग्रीसची बारीक रेघ दिसली की हेड आवळायचं. त्यानंतर एअर व्हॉल्व्ह दाबून दहा-बारा हात. आधी कपलरमधून (निप्पलवर बसणाऱ्या गनच्या टोकातून) चट-चट करत तुटक ग्रीस येतं, मग वातीसारखं सलग येतं. ती वात बघितल्याशिवाय आता आम्ही कुठल्याच निप्पलला गन लावत नाही. हातही मोजत नाही, क्रॉसच्या सीलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत मारतो. एक गोष्ट मात्र पोरांना बजावून ठेवा: प्रेशर बघायला कपलरपुढं बोट कधीही धरू नका. एवढ्या दाबाचं ग्रीस कातडीतून आत जातं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण त्याला त्याच दिवशी दवाखाना लागतो.

जानेवारीतल्या थंडीत हवेचा त्रास पुन्हा सुरू झाला. आम्ही 3 नंबरचं ग्रीस वापरत होतो (नंबर जास्त तेवढं ग्रीस घट्ट), ते पहाटे घट्ट होऊन नळ्यात सरकतच नव्हतं. पुस्तिकेत चालतं असं बघून 2 नंबरचं लिथियम ग्रीस आणलं, तेव्हा थांबलं. गन आधी रिकामी करून पुसली. दोन जातींची ग्रीसं मिसळली तर कधी पातळ होऊन गळतात.

ठेवायच्या बाबतीत माझी चूक झाली. हंगाम संपल्यावर भरलेली गन पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगली. एप्रिलच्या उन्हात मागच्या टोपणातून तेल ठिबकून खाली कोब्यावर ताटाएवढा डाग पडला आणि नळ्यात उरलेलं ग्रीस मेणासारखं कोरडं झालं. ग्रीस म्हणजे साबणानं धरून ठेवलेलं तेलच, वरून स्प्रिंगचा सतत दाब आणि पत्र्याखालची धग, मग ते सुटणारच. आता आठवड्याहून जास्त पडून राहणार असेल तर दांडी ओढून खाचेत अडकवतो आणि गन घरातल्या सावलीच्या भिंतीला आडवी ठेवतो. दांडी ओढल्यानं तिच्या टोकाचा रबरी वॉशर आणि ग्रीस यांच्यामध्ये थोडी पोकळी होते. म्हणून पुन्हा वापरताना हेड दीड आटा ढिलं करून मगच दांडी सोडायची, वर सांगितलं तसंच. रोजच्या वापरात एवढं करायची गरज नाही.

ट्रॅक्टरवर गन टूलबॉक्समध्ये लोळायची, ते बंद केलं. 3 इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा मडगार्डच्या आत क्लॅम्पनं बसवला, त्यात उभी राहते. कपलरच्या तोंडाला प्लॅस्टिकची टोपी आहे, तिला दोरी बांधली, नाहीतर ती दुसऱ्याच दिवशी हरवली असती.

गनची तक्रार एकच: कपलरचे जबडे सहा महिन्यांत सैल झाले, निप्पलवरून सटकायला लागली. नवं कपलर बसवलंय. रबरी वॉशर आणि व्हॉल्व्ह अजून मूळचेच आहेत. रोटावेटरचा नवा क्रॉस मागच्या आठवड्यात मुद्दाम उघडून बघितला, चारही कपांत ग्रीस भरलेलं होतं.